मौनाचा नफा

व्यापार आणि नीती यांचा वाद फार जुना आहे. माप लहान करू नये, तराजूत कपट करू नये, असे आमोस संदेष्ट्याने ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात इस्राएलच्या व्यापाऱ्यांना खडसावून सांगितले, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सर्वांनी ते ऐकले आहे. परंतु माल चोख आहे, माप पुरेपूर आहे, तोंडून खोटा शब्दही गेलेला नाही. केवळ एक गोष्ट सांगायची राखून ठेवली आहे आणि त्या न सांगण्यातच सारा नफा आहे, अशा वेळी काय म्हणावे? असे मौन पाप ठरते काय? आणि बाजारात जे मौन खपून जाते ते प्रेमाच्या नात्यातही खपावे काय? या प्रश्नांचा विचार करण्यास आम्हाला निमित्त झाले ते एका जपानी चित्रमालिकेचे.

‘स्पाइस अँड वुल्फ’ हे तिचे नाव. इसुना हासेकुरा या जपानी लेखकाची ही मूळ कादंबरीमाला २००६ साली प्रसिद्ध होऊ लागली. २००८ व २००९ साली तिच्यावर चित्रमालिका निघाली आणि २०२४ साली पंचवीस भागांत ती नव्याने साकारली गेली. झाँ फाविए या फ्रेंच इतिहासकाराच्या मध्ययुगीन व्यापारावरील ग्रंथातून लेखकाला या कथेची पहिली कल्पना सुचली. आमच्या तरुणांपैकी काही जण ही मालिका आवडीने पाहतात. नायिका प्रथम प्रकट होते ती विवस्त्रावस्थेत, म्हणून लहान मुलांपुढे ती ठेवावी असे आम्ही म्हणणार नाही. परंतु मोठ्या मुलामुलींसोबत पालकांनी ती पाहिली तर घरात बोलण्यासारखे पुष्कळ निघेल.

कथा काल्पनिक देशांतील असली तरी तिचा चेहरामोहरा मध्ययुगीन युरोपचा आहे. लॉरेन्स हा पंचवीस वर्षांचा फिरता व्यापारी. सात वर्षे एकट्याने गाडी हाकून तो इतका एकाकी झाला आहे की घोड्याशीच बोलू लागला आहे. एका रात्री गाडीतील गव्हाच्या पेंढीपाशी त्याला होलो भेटते. रूप तरुणीचे, पण कान आणि शेपूट लांडग्याची. शतकानुशतके एका गावाच्या गव्हाची राखण करून आता गावाला नकोशी झालेली ती पीकदेवता उत्तरेतील योइत्सू या आपल्या जन्मभूमीकडे परतू पाहते. ही कल्पना लेखकाने हवेतून आणलेली नाही. वाऱ्याने उभे पीक लाटांसारखे डोलू लागले की त्यातून लांडगा धावतो आहे, आणि शेवटच्या पेंढीत तो दडून बसतो, असे जर्मन शेतकरी मानीत. विल्हेल्म मानहार्ट या अभ्यासकाने १८६५ साली या लोकसमजुतींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

या मालिकेत तलवारी क्वचितच उपसल्या जातात. सारे युद्ध भाव, नाणी आणि वार्ता यांचे आहे. प्रारंभीच एक तरुण लॉरेन्सला गुपित विकतो, की अमुक चांदीच्या नाण्यातील चांदी वाढणार आहे, तेव्हा ती नाणी साठवून ठेव. होलोचे तीक्ष्ण कान त्यातील खोट ओळखतात. प्रत्यक्षात राजा अडचणीत असून नाण्यातील चांदी कमी होणार असते, आणि ज्याला हे आधी कळले तो श्रीमंत होणार असतो. नाणे हलके करण्याचा हा प्रकार इतिहासात अनेकदा घडला आहे. चौदाव्या शतकातील फ्रेंच धर्मपंडित निकोल ओरेम, जे पुढे लिझ्यू येथील बिशप झाले, यांनी नाण्यांविषयीच्या आपल्या प्रबंधात ठामपणे मांडले की नाणे ही राजाची नव्हे तर समाजाची मालमत्ता आहे, आणि त्यातील धातू गुपचूप घटवणे हे सावकारी व्याजाहूनही वाईट आहे. सावकाराकडे जाणाऱ्याला निदान आपण काय देणार हे ठाऊक असते. हलके नाणे घेणाऱ्याला ते ठाऊकच नसते.

दुसऱ्या एका गावी लॉरेन्स काळी मिरी विकण्यास जातो. तराजू ठीक दिसतो, पण ज्या मेजावर तो ठेवला आहे ते मेजच किंचित कललेले आहे, हे होलोच्या ध्यानात येते. लॉरेन्स मेजावर पाणी ओततो आणि पाणी एका बाजूला वाहू लागते. चोरी उघडी पडली! परंतु पुढे काय होते ते पाहण्यासारखे आहे. तो गावाला सावध करीत नाही. व्यापाऱ्याच्या या गुपिताचाच तो सौदा करतो आणि गप्प राहण्याच्या मोबदल्यात आपल्या ऐपतीबाहेरची चिलखते उधारीवर घेतो. उद्या तेथे मिरी विकणाऱ्या पुढच्या माणसाचे काय, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवत नाही. पुढील शहरात पोहोचतो तो उत्तरेवरील लष्करी मोहीम रद्द होऊन चिलखतांचा भाव कोसळलेला असतो, आणि कर्जासाठी त्याला दारोदार फिरावे लागते. येथे लेखक प्रवचन करीत नाही, हिशेबच बोलतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ख्रिस्तपूर्व ४४ साली रोमन विचारवंत सिसेरो याने कर्तव्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात एक उदाहरण घेतले. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. एक व्यापारी धान्याचे जहाज घेऊन तेथे पोहोचतो. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याने पाहिले आहे. ते सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने विकावे? सिसेरोचा निर्णय असा की त्याने ते लपवू नये. प्रत्येक न बोलणे म्हणजे लपवणे नव्हे. परंतु जे कळणे दुसऱ्याच्या हिताचे आहे ते केवळ आपल्या लाभासाठी त्याला कळू न देणे, हे लपवणेच होय.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिऑलॉजिए’मध्ये खरेदीविक्रीतील फसवणुकीचा विचार करताना गव्हाच्या व्यापाऱ्याचे असेच उदाहरण घेतले. मालात छुपा दोष असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल, तर तो सांगितलाच पाहिजे, हे ते ठामपणे मांडतात. परंतु उद्या भाव उतरणार ही गोष्ट गव्हाचा दोष नव्हे. म्हणून आजच्या भावाने विकणारा न्यायाचा भंग करीत नाही. मात्र त्याने ते सांगितले किंवा भाव उतरवला, तर त्याचा सद्गुण अधिक थोर ठरेल. ही मांडणी आम्हाला फार मोलाची वाटते. वसईहून मुंबईच्या बाजारात फुले आणि भाजी नेणाऱ्या आपल्या कुटुंबांवर संत थॉमस अशक्य ओझे लादत नाहीत. न्याय हा आपल्या आचरणाचा तळ आहे, छत नव्हे, एवढेच ते दाखवून देतात.

हीच कसोटी प्रेमाला लावली तर? मालिकेतील सर्वांत हृदयस्पर्शी भाग येथेच येतो. होलोची जन्मभूमी फार पूर्वीच नष्ट झाली, अशी दंतकथा लॉरेन्सच्या कानी आलेली आहे. तो ती होलोला सांगत नाही. तिला दुःख होऊ नये, हे त्याचे कारण. परंतु तिच्या अश्रूंना सामोरे जाण्याची त्याची स्वतःची भीतीही त्यात नव्हती काय? अखेर एका पत्रातून तिला ते कळते आणि दुःख दुहेरी होते. घर गेल्याचे दुःख, आणि सोबत्याने ते जाणून लपवल्याचे दुःख. त्याच वेळी एक तरुण मासळीचा व्यापारी पुढे येतो. होलो ऋणामुळे लॉरेन्सशी बांधली गेली आहे असे समजून, चांदीची एक हजार नाणी देऊन तिला मुक्त करण्याची आणि मग तिला मागणी घालण्याची तो प्रतिज्ञा करतो. लॉरेन्स बाजारातील डावपेचांनी त्याला हरवू पाहतो. होलो आपल्याला सोडून गेली असे त्याने मानले, पण ती शेवटी त्याच्याच बाजूने उभी असते. त्याचे चुकले ते माणसाच्या मनाचा भाव बाजारभावासारखा अंदाजाने काढण्यात. तिला विचारले असते तर पुरे होते.

बाजारात माणसे वस्तूंची देवघेव करतात, म्हणून तेथे वस्तूचा दोष सांगितला की न्याय पुरा होतो. विवाहात माणसे स्वतःलाच देतात. म्हणून ख्रिस्तसभेने येथे मौनाला फार थोडी जागा ठेवली आहे. १९८३ सालच्या कायदेसंहितेतील कलम १०९८ सांगते की, वैवाहिक जीवन गंभीरपणे विस्कटू शकेल अशा गुणदोषाविषयी, संमती मिळवण्यासाठी कपटाने फसवले गेले असेल, तर तो विवाह मुळात वैधच नव्हे. जाणूनबुजून लपवणे हेही या कपटात मोडू शकते, असे कायदेपंडित मानतात. मुलाचे व्यसन, मुलीचा आजार, घरावरील कर्ज ‘लग्नानंतर बघू’ म्हणून झाकून ठेवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. गव्हाच्या व्यापाऱ्याला जी सवलत आहे ती त्यांना नाही.

मग प्रत्येक कटू गोष्ट तोंडावर बोललीच पाहिजे काय? तसेही नव्हे. व्याधिग्रस्तांना अभ्यंग देण्यास आम्ही जातो तेव्हा उंबरठ्यावरच अनेकदा कुजबुज होते, ‘फादर, त्यांना काही ठाऊक नाही, बोलू नका.’ या विनवणीत प्रेम असते, यात शंका नाही. परंतु पुष्कळदा त्या रुग्णाला सारे उमगलेले असते आणि घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून तोही गप्प असतो. दोन्हीकडून प्रेम, आणि मधे भिंत. ज्या दिवसांत क्षमा मागायची, निरोप घ्यायचा, ते दिवस अशा मौनात वाया जातात. तेव्हा सिसेरोची कसोटीच आपल्या मनाला लावावी: हे मौन कोणाच्या हिताचे आहे? योग्य वेळेची वाट पाहणारे मौन दुसऱ्यासाठी असते. वेळ कधीच येऊ न देणारे मौन बहुधा आपल्यासाठी असते.

या कथेतील चर्च कठोर आणि सत्तालोभी दाखवले आहे. काही वाचकांना ते खटकेल. परंतु बाल्टिक प्रदेशातील बिगरख्रिस्ती जमातींवर ख्रिस्ती सरदारांनी क्रुसाच्या नावाने मोहिमा काढल्या, हा इतिहास आहे. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या गतकालीन पापांबद्दल देवाकडे जाहीर क्षमायाचना केली. आपल्याच घरातील दोष स्वतः उघड केल्याने ख्रिस्तसभेचे मोल उणावले नाही.

संत पौलाचे फिलेमोनाला लिहिलेले चिमुकले पत्र या संदर्भात पुन्हा वाचावे. ओनेसिम हा गुलाम पौलाजवळ होता, आणि तो जवळच राहावा असे पौलाला वाटत होते. त्याला गुपचूप ठेवून घेणे सोपे होते. परंतु मित्राच्या संमतीवाचून काही करणे पौलाला नको होते. त्याने ओनेसिमला परत पाठवले, आपली इच्छा उघड लिहिली, आणि याचे काही देणे असेल तर ते माझ्या खाती मांड, असेही कळवले. हिशेबाची भाषा त्याने टाकली नाही. तोटा मात्र स्वतःकडे घेतला. आपल्या घरांत जी गोष्ट ‘पुढे कधीतरी’ म्हणून राहून गेली आहे, ती या आठवड्यात, सौम्य शब्दांत, ज्याची आहे त्याला सांगून टाकावी. तिचा नफा एकट्याने राखण्याजोगा नाही.