प्रश्न कोणाचा?

काही वर्षांपूर्वी वडशाच्या एका भगिनीला स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर किरणोपचारासाठी नागपूरला जायचे होते. आम्ही तिच्या समाचारास गेलो, तेव्हा धानाची रोवणी तोंडावर आली होती. मरणाविषयी ती काही बोलली नाही. तिने एवढेच विचारले, "इतके दिवस परगावी राहायचे, हेच काम थोड्या दिवसांत होत नाही का?" दुखण्यापेक्षा हिला शेताची चिंता अधिक, असे आम्हांला वाटले. "देवावर भरवसा ठेवा," असे सांगून आम्ही उठलो.

चूक आमची होती. तिने विचारला तोच प्रश्न ब्रिटनमधील संशोधकांनी सार्वजनिक निधीतून झालेल्या 'फास्ट-फॉरवर्ड' चाचणीत हाती घेतला होता. तीन आठवड्यांतील पंधरा मात्रांऐवजी एका आठवड्यात पाच मात्रा दिल्या, तरी रोग आवरण्यात त्या उण्या पडत नाहीत, असा पाच वर्षांच्या पाहणीचा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला. ही पद्धत कोणाला लागू पडेल, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. परंतु आम्हांला जी कुरकुर वाटली, ती शास्त्राच्या दृष्टीने रास्त पृच्छा होती.

मग संशोधन कोणत्या प्रश्नावर व्हावे, हे कोणी ठरवावे? अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाविरुद्ध झटणाऱ्या संघटना १९९१ साली एकत्र आल्या. त्यांच्या रेट्यामुळे १९९२ साली तेथील काँग्रेसने लष्करी अंदाजपत्रकातून या संशोधनासाठी २१ कोटी डॉलर मंजूर केले. १९९५ पासून हा रोग भोगलेल्या स्त्रिया संशोधनाचे प्रस्ताव पारखणाऱ्या समित्यांवर शास्त्रज्ञांच्या बरोबरीने मत देऊ लागल्या.

रोग भोगला म्हणून रोगाचे शास्त्र कळत नाही, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो खोटा नाही. स्वतःच्या व्यथेने माणसाची दृष्टी आकुंचित होऊ शकते. पण शास्त्रज्ञाची दृष्टीही प्रयोगशाळेपुरती आकुंचित होऊ शकते. पेशींचे गुणधर्म सांगणे हे शास्त्रज्ञाचे काम. मिळणारे उत्तर कोणाच्या उपयोगी पडेल, हे विचारणे रुग्णाचे. पैसा जनतेचा असेल, तेथे हे विचारणे म्हणजे आगंतुकपणा नव्हे, तो हक्क आहे.

न विचारलेल्या प्रश्नांची किंमत आपल्या गडचिरोलीला ठाऊक आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी येथील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले. १९८९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. दुखणी जुनीच होती. विचारणारे नवे होते.

आपल्या देशातील औषध-चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनी नीतिसमितीवर एक सामान्य व्यक्ती आणि एक स्त्री असणे आवश्यक केले आहे. धर्मशास्त्राच्या अभ्यासकालाही तेथे जागा असू शकते. हे चांगलेच झाले. परंतु नीतिसमितीपुढे येतो तो आखून झालेला प्रयोग. प्रश्न त्याआधीच कोणीतरी निवडलेला असतो. संमती मागणे वेगळे आणि सल्ला मागणे वेगळे.

यरीहोच्या वाटेवर बार्तीमय आंधळा आहे, हे सर्वांना दिसत होते. तरीही त्याला काय हवे आहे, हे येशूने त्यालाच विचारले. वडशाच्या त्या भगिनीने तर आम्ही न विचारताच सांगितले होते. आणि आम्ही उठून आलो होतो.