सवेतन रजा आणि गृहस्थाचा धर्म

नोकरीवर उदरनिर्वाह करणाऱ्या गृहस्थाच्या वर्षात काही दिवस असे येतात की, त्या दिवसांत तो काम करीत नाही आणि तरीही त्याचे वेतन त्यास मिळते. येथे एक प्रश्न सहजच उत्पन्न होतो. जे श्रम केले नाहीत त्यांचे मोल घेणे धर्म्य आहे काय? आणि धर्म्य असेल, तर ते दिवस मनुष्याने कसे वेचावेत? गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, जो घेतो परंतु परत काही देत नाही, त्यास चोर म्हटले आहे. ते ध्यानी घेतले म्हणजे हा प्रश्न क्षुल्लक म्हणून सोडून देता येत नाही.

प्रथम रजेचे स्वरूप पाहिले पाहिजे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने असा नियम घातला की, वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगारास दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस सवेतन रजा मिळावी. कामगारांची सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती यांविषयीच्या २०२० च्या संहितेने २४० दिवसांची अट १८० वर आणली. वीस दिवसांस एक, हे प्रमाण मात्र तसेच ठेवले. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण कर्मचाऱ्यास वर्षाला ३० दिवसांची अर्जित रजा मिळते. 'अर्जित' या शब्दातच प्रश्नाचे उत्तर आहे. वीस दिवसांच्या घामातून हा एक दिवस निपजतो. त्याचे मोल अगोदरच चुकते झालेले असते. म्हणून तो घेण्यात चौर्य नाही.

आपल्या परंपरेसही ही कल्पना परकी नाही. शुक्रनीतीच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु सेवकास वर्षातून एक पक्ष सेवेवाचून वेतन द्यावे, असे त्या ग्रंथात स्पष्ट सांगितले आहे. तथापि विश्रांतीचा हक्क श्रमिकांच्या पदरात सुखासुखी पडलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांस आठवड्याचा एक दिवस मोकळा मिळावा म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून चळवळ चालविली, तेव्हा कोठे १८९० च्या जून महिन्यात रविवारची सुट्टी मान्य झाली. इतक्या प्रयासाने मिळालेली वस्तू उधळून टाकणे, हाही एक दोषच होय.

आता विश्रांती आणि कर्तव्यत्याग यांतील भेद पाहावा. युद्धाच्या पहिल्या दिवशी अर्जुनाने धनुष्य खाली ठेवले, तेव्हा भगवंतांनी त्यास उभे केले. याच अर्जुनाची आणखी एक कथा महाभारताच्या द्रोणपर्वात आहे. चौदाव्या दिवसाचे युद्ध रात्रीही चालू राहिले आणि दोन्ही सैन्ये झोपेने व श्रमाने व्याकुळ झाली. तेव्हा अर्जुनानेच सैनिकांस सांगितले की, चंद्रोदय होईपर्यंत येथेच रणभूमीवर विसावा घ्या, मग पुन्हा लढा. कौरवसैन्यानेही ते मानले आणि त्यास दुवा दिला. पहिल्या वेळी शस्त्र खाली गेले ते मोहाने. दुसऱ्या वेळी गेले ते पुन्हा उचलण्यासाठी, आणि तेही शत्रूच्या सैनिकाचा थकवा जाणून. विश्रांती कर्तव्याचे अंग केव्हा होते, याची ही कसोटी आहे.

या कसोटीस रजेचे पुष्कळसे व्यवहार उतरत नाहीत. प्रकृती धडधाकट असता आजाराचा दाखला आणून घरी बसणारा सत्याचा भंग करतोच, शिवाय आपला भार शेजारच्या मेजावरील सहकाऱ्यावर टाकतो. याच्या उलट टोकास, आपल्यावाचून कचेरी चालणारच नाही असे मानून वर्षानुवर्षे रजा न घेणारा असतो. त्यास तो निष्ठा म्हणतो. परंतु 'मीच कर्ता' या अहंकाराचेच ते रूप नाही काय? निवृत्तीच्या वेळी ३०० दिवसांपर्यंतच्या शिल्लक रजेचे पैसे केंद्रीय कर्मचाऱ्यास मिळतात. त्यासाठी काही शिल्लक राखणे ही दूरदृष्टी खरी. परंतु वृद्ध आईचे डोळे पैलतीरी लागले असता ती शिल्लक मोडवत नाही, तो लोभ होय. तिसरा मनुष्य रजा घेतो, पण देह घरी आणि मन कचेरीत! कर्मेंद्रिये आवरून मनाने विषयांचे चिंतन करणाऱ्यास गीतेने मिथ्याचारी म्हटले आहे. तो शब्द येथेही लागू पडतो.

मग रजा सार्थकी कशी लागावी? पुरेशी निद्रा घ्यावी. सहाव्या अध्यायात आहारविहाराबरोबर निद्रेलाही योगात स्थान आहे. आईवडिलांजवळ बसावे, मुलांचा अभ्यास पाहावा, थोडा स्वाध्याय करावा, शक्य असेल तर तीर्थाटन करावे. सर्वच दिवस कार्यक्रमांनी भरून टाकू नयेत.

परंतु गृहस्थाची खरी परीक्षा त्याच्या स्वतःच्या घरात आहे. तो रजेवर आला की घरातील स्त्रीचे काम बहुधा वाढते. तिच्या खाती कोणतीही रजा जमा होत नाही. निदान त्या दिवसांत तरी चूल, पाणी आणि केरवारा यांचा वाटा त्याने उचलावा. घरकामास येणाऱ्या बाईस तर कारखान्याचे नियम लागूच होत नाहीत. स्वतः पगारी रजा भोगणारा मनुष्य तिच्या दोन दिवसांच्या तापाचे पैसे कापून घेतो, तेव्हा कारखान्याच्या मालकाकडून मागितलेला न्याय तो स्वतः मालक होताच विसरतो. तिला महिन्यातून ठरावीक दिवस सवेतन मोकळे देणे, हे त्यावर दान नव्हे, ऋण आहे.

सारांश, रजा ही श्रमाने मिळविलेली वस्तू असल्याने ती घेण्यात पाप नाही. मात्र जी विश्रांती आपल्यास मिळाली, ती आपल्यासाठी राबणाऱ्यांपर्यंत पोहोचविल्यावाचून स्वीकारणारा, तिसऱ्या अध्यायातील त्या शब्दातून सुटत नाही. प्रत्येक गृहस्थाने हे आपल्या घरी तपासून पाहावे.