उगारलेला हात कोणाचा?

दिवसभर पऱ्हाटीत कापूस वेचून बाप घरी येतो. मजुरीचे पैसे हिशेबात बसत नाहीत, दुकानदाराची उधारी डोक्यात असते. तेवढ्यात लेकराच्या हातून पाण्याचा गुंड लवंडतो आणि बापाचा हात उठतो. मागाहून तोच खाली मान घालून म्हणतो, "काय करू, राग आला, हात आपोआप उठला." यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या वस्त्यांत हे वाक्य कोणी ऐकले नाही? अनेकांनी ते उच्चारलेही आहे.

हात आपोआप उठला असेल, तर दोष कोणाचा?

जुन्या धर्माजवळ याची तयार उत्तरे होती: देवाची मर्जी, अंगात शिरलेली बाधा, नाही तर मागील जन्मीचे कर्म. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा देऊन हा सारा पसारा आपल्या डोक्यावरून उतरविला. परंतु रिकाम्या जागी नवा विचार ठेवला नाही, तर जुना विचार मागील दाराने परत येतो. म्हणून आज विज्ञान काय सांगते ते पाहू.

अमेरिकेतील मेंदूचे संशोधक बेंजामिन लिबेट यांनी १९८३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना सांगितले होते की, वाटेल तेव्हा हात हलवा आणि हलवावासा वाटला त्या क्षणी समोरच्या घड्याळावर फिरणारा ठिपका कोठे होता, ते लक्षात ठेवा. डोक्याला तारा लावून मेंदूतील सूक्ष्म विजेची नोंद घेतली. हालचालीच्या सुमारे अर्धा सेकंद आधी मेंदूत तयारी सुरू झालेली दिसली. "हलवावा" ही जाणीव मात्र हालचालीच्या सुमारे एक-पंचमांश सेकंद आधी झाली.

म्हणजे जाणीव तयारीच्या मागाहून येते, पण कृतीच्या आधी येते. तेवढ्या वेळात मनुष्य "नको" म्हणू शकतो, असे लिबेट यांचे म्हणणे होते. या प्रयोगाच्या अर्थाविषयी शास्त्रज्ञांत वाद आहेत. शिवाय सहज हात हलविणे म्हणजे रागाने हात उगारणे नव्हे. तरीही आत बसून हुकूम सोडणारा कोणी आत्मा मानण्याची येथे गरज पडत नाही, हे ध्यानात घ्यावे.

तथागतांनी आत्मा नाकारला, पण जबाबदारी नाकारली नाही. चेतनेलाच त्यांनी कर्म म्हटले. सतिपट्ठानात ते सांगतात की, चित्तात द्वेष असेल तर तो आहे हे जाणावे. ही जाण म्हणजेच तो लहानसा क्षण ओळखणे होय. राग येणे हा अपराध नाही; आलेल्या रागाला आपला हात देणे हा अपराध आहे. आणि ही ओळख एका दिवसात होत नाही. पंचशील रोज म्हणायचे ते याच सरावासाठी.

आता हात पडल्यानंतरचे पाहा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. विदिता वैद्य भावनांमागील मेंदूच्या घडणीचा अभ्यास करतात. त्यांना २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. उंदरांच्या पिलांना जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत रोज काही तास आईपासून दूर ठेवले, तर ती मोठी झाल्यावरही अधिक भयभीत वागतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनात असे दिसले की, त्याच कोवळ्या काळात मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाचा एक मार्ग अडविला, तर पुढे ते भय उपजत नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. परंतु "हे असल्याने ते होते, हे नसल्याने ते होत नाही" हा प्रतीत्यसमुत्पादाचा नियम येथे डोळ्यांना दिसतो. त्या पिलाच्या भीतीला मागील जन्म कारण नाही. याच जन्मातील पहिले दिवस कारण आहेत.

आपल्या आजे-पणज्यांनी गावगाड्याचा मार खाल्ला. ते भय घेऊन त्यांनी मुले वाढविली, आणि त्या मुलांनी आपल्याला. बापाच्या रागाचे हे एक कारण असू शकते. पण कारण म्हणजे सबब नव्हे. ज्याला कारण कळले, त्याच्यावर ती साखळी तोडण्याचे काम आले. घरात कोणी सतत भ्याले, थरथरले, घुमू लागले, तर त्याला भगताकडे नेऊ नका. मानसोपचाराच्या डॉक्टरकडे न्या. लेकरू घाबरट निघाले म्हणून त्याला हिणवू नका.

प्राणिमात्रांवर दया करीन, अशी प्रतिज्ञा आपण दीक्षा घेताना केली. त्या प्राणिमात्रांत आपल्या ओसरीवरचे लेकरूही आहे. उद्या गुंड लवंडेल, राग येईल, हात उठू लागेल. तेव्हा इतकेच मनात म्हणा, "राग आला आहे." आणि हात खाली घेऊन गुंड उचलायला वाका.

नमो बुद्धाय. जय भीम.