जामीन कोण राहील?

शास्त्रपाठ : इब्री ७:२२, फिलेमोन १८-१९



कोर्टाचे शब्द आपल्या घरात संकटाबरोबरच शिरतात, आणि त्यांचा अर्थ पुष्कळदा चुकीचा घेतला जातो. मंडळीतील एखाद्या तरुणास जामीन मिळाला की घरचे पेढे वाटतात, जणू खटला संपला. शेजारच्या बाकावरचे मात्र त्याच्याशी बोलावयास कचरतात, जणू गुन्हा शाबीत झाला. दोन्ही चूक. तो आरोपी आहे, गुन्हेगार ठरलेला नाही. जामीन म्हणजे निकाल नव्हे. तारखेस हजर राहण्याच्या हमीवर मिळालेली मोकळीक.

जुन्या मराठीत जामीन म्हणजे हमी घेणारा माणूस, ज्याला आता जामीनदार म्हणतात. आपल्या पवित्र शास्त्राच्या भाषांतरात तोच अर्थ टिकला आहे. बन्यामिनासाठी यहूदा बापापाशी जामीन राहिला (उत्पत्ति ४३:९), आणि मिसरात वेळ येताच भावाच्या जागी दास होण्यास सिद्ध झाला. इब्री लोकांस पत्रात येशूलाही जामीन म्हटले आहे. येथे भेद ध्यानात घ्यावा. आरोपी पळाला तर कोर्टातील जामीनदाराकडून हमीची रक्कम वसूल होऊ शकते. आरोपीची शिक्षा त्याला भोगावी लागत नाही. आपल्या जामिनाने शिक्षाच अंगावर घेतली, आणि तीही आपला गुन्हा शाबीत असता.

मग आपण कोणाला जामीन राहावे काय? नीतिसूत्रांतील ताकीद आपल्याला तोंडपाठ असते. ती खरी आहे, उतावळेपणाने हमी देणाऱ्याने ती ऐकावीच. पण ओनेसिमाचे देणे आपल्या नावावर मांड, असे पौलाने लिहिले, ते त्या माणसास जवळून ओळखून.

१९७८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मध्य प्रदेशातील मोतीराम या गवंड्याचे प्रकरण आले. त्याच्याकडून १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला होता. भाऊ पुढे आला, तर तो दुसऱ्या जिल्ह्याचा म्हणून नाकारला गेला. न्यायालयाने असा भेद अमान्य केला. आपल्यापैकी ज्यांचे आप्त दूरच्या जिल्ह्यात राहतात, त्यांनी हा निकाल वकिलाच्या कानावर घालावा.

जामीन मंजूर होऊनही जामीनदाराअभावी तुरुंगात राहिलेली गरीब माणसे आजही आहेत. त्यांत आपल्या मंडळीचा कोणी असेल तर पाळकांनी व पंचांनी आधी त्याच्या घरी जाऊन बसावे, तो तारखा पाळील काय हे विचारावे. खात्री पटल्यास ज्याच्यापाशी पगाराचा दाखला किंवा घराचे कागद आहेत, त्याने ते घेऊन कोर्टात जावे. आणि पुढच्या प्रत्येक तारखेस कोणीतरी त्याच्यासोबत जावे.