दात्याने निवडलेली पाने

भुकेल्या माणसाला पूर्ण भाकरी देता येत नसेल, तर अर्धी द्यावी की नाही? प्रश्न ऐकताच उत्तर ओठांवर येते : अर्थातच द्यावी. अर्धी भाकरी नाकारण्याचा सल्ला देणारा बहुधा पोटभर जेवलेला असतो. परंतु नीतिशास्त्रातील प्रश्न दुरून असेच सोपे दिसतात. जवळ गेल्यावर त्यांचे काटे बोचू लागतात. २०१५-१६ साली आपल्या देशापुढे हाच प्रश्न उभा राहिला होता. भाकरीच्या नव्हे, इंटरनेटच्या रूपाने. त्या वादाची धूळ आता खाली बसली आहे. म्हणूनच त्याकडे शांतपणे पाहणे शक्य आहे.

घडले ते असे. ऑगस्ट २०१३ मध्ये फेसबुक कंपनीने काही उद्योगांना बरोबर घेऊन जगातील गरिबांपर्यंत इंटरनेट पोहोचवण्याचा उपक्रम जाहीर केला. फेब्रुवारी २०१५ मध्ये तो रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने भारतात आला आणि त्याच वर्षी त्याचे ‘फ्री बेसिक्स’ असे नामकरण झाले. ग्राहकाने डेटाचे पैसे भरायचे नाहीत. मात्र त्याला दिसतील ती ठरावीक संकेतस्थळेच. हवामान, आरोग्य, नोकऱ्या, विकिपीडिया आणि अर्थातच फेसबुक. त्याबाहेर पाऊल टाकायचे असेल, तर पैसे मोजावेत. त्या काळी एक जीबी डेटासाठी दोनशे रुपयांहून अधिक पडत. शेतावर राबणाऱ्या माणसाची ती जवळजवळ दिवसाची मजुरी होती.

या योजनेच्या बाजूने जे सांगितले गेले ते हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांनी एका भारतीय वृत्तपत्रात लेख लिहून वाचनालयाचा दाखला दिला. वाचनालयात जगातील सगळी पुस्तके नसतात, तरीही त्याने लोकांचे भले होतेच, असे त्यांचे म्हणणे होते. ज्याच्या हाती काहीच नाही, त्याला थोडे मिळाले तर बिघडले कुठे?

वाचनालयाचा हा दाखला आपण जरा तपासून पाहू. वाचनालयात काही पुस्तके नसतात, कारण कपाट लहान असते आणि पैसे अपुरे असतात. पण समजा, एखाद्या गावात एका प्रकाशकानेच वाचनालय उघडले. त्यात स्वतःची पुस्तके दर्शनी भागात मांडली, इतरांची कोणत्या अटींवर ठेवायची ते स्वतःच ठरवले आणि कोण काय वाचतो हे कळण्याची सोयही आपल्याच हाती ठेवली. तेही वाचनालयच, पण तेथील उणीव गरिबीतून आलेली नसते. ती ठरवून ठेवलेली असते. फेसबुकने पुढे दार थोडे सैल केले. तांत्रिक अटी पाळील त्याला अर्ज करता येईल, असे सांगितले. परंतु अटी लिहिणारा हात तिचाच राहिला.

कमी देणे वेगळे आणि निवडून देणे वेगळे. माझ्या मते या सगळ्या वादाचे मर्म येथे आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा ते कमालीचे तुटपुंजे होते. टेलिफोनच्या तारेवरून ते मुंगीच्या पावलांनी येई. विद्यार्थ्यांसाठी जे स्वस्त खाते होते, त्यात चित्रे दिसत नसत, केवळ अक्षरे. तरीही कोणती अक्षरे वाचायची, हे त्या विद्यार्थ्याला कोणी सांगत नव्हते. त्याची भाकरी लहान होती. पण ती कशाबरोबर खायची हे तो ठरवत होता.

तत्त्वज्ञ इमॅन्युएल कान्ट यांनी १७९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नीतिविषयक ग्रंथात परोपकाराचा विचार करताना एक सावध इशारा दिला आहे. त्याचा आशय असा : दुसऱ्याचे भले करायचे, तर त्याच्या कल्पनेप्रमाणे करावे, माझ्या कल्पनेतील सुख त्याच्या गळ्यात बांधणे म्हणजे भले करणे नव्हे. अपवाद केवळ लहान बालकांचा आणि ज्यांची बुद्धी ठिकाणावर नाही अशांचा. या अपवादातच सारे आले. गरिबासाठी पाने निवडणारा दाता नकळत त्याला बालकांच्या रांगेत बसवतो. पोटासाठी दिलेले दान मनाचा ताबा मागू लागते.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावण्यास बंदी घातली. काही दिवसांतच फेसबुकने भारतातील ही योजना गुंडाळली. निर्णय योग्य होता, असे मला वाटते. परंतु एक काटा मात्र अजून टोचतो आहे. तत्पूर्वी एप्रिल २०१५ मध्ये सर्व संकेतस्थळांना समान वागणूक मिळावी म्हणून दहा लाखांवर ई-मेल ट्रायकडे गेले होते. ई-मेल कोण पाठवतो? ज्याच्या घरी इंटरनेट आहे तो. म्हणजे ज्यांच्या ताटात पूर्ण भाकरी होती, त्यांच्या आवाजाने इतरांच्या ताटातील अर्धी दूर सारली गेली. ज्याला त्या काळात रोगाची माहिती किंवा नोकरीची जाहिरात पाहता आली नाही, त्याने आपल्या तत्त्वाची किंमत मोजली; आणि त्याला कोणी विचारलेही नव्हते.

म्हणून मी असे म्हणेन की, योग्य नकार हे अर्धेच कृत्य असते. ‘ही अर्धी भाकरी नको’ असे दुसऱ्याच्या वतीने म्हणणाऱ्यावर पूर्ण भाकरीचे ऋण चढते. हे ऋण आपण फेडले का? सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात उतरली, स्पर्धा पेटली आणि डेटाचे दर कोसळले. दोन वर्षांत एक जीबीचा सरासरी दर दहा-बारा रुपयांवर आला. ऋण फिटल्यासारखे दिसले खरे. पण ते आपल्या सद्गुणाने नव्हे, बाजाराच्या चढाओढीने. चढाओढ कधी थंडावते, हे बाजारच ठरवतो.

जाणीवपूर्वक फेडण्याचेही मार्ग होते. डिसेंबर २०१६ मध्ये ट्रायनेच शिफारस केली की, ग्रामीण ग्राहकाला महिन्याला शंभर एमबी डेटा विनामूल्य द्यावा. त्यावर त्याने काय पाहावे याची अट नसावी. केरळ राज्याने जून २०२३ मध्ये सरकारी फायबर जाळ्याचे उद्घाटन केले आणि वीस लाख गरीब कुटुंबांना विनामूल्य जोडणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले. पहिल्या टप्प्यात चौदा हजार कुटुंबे घेतली. उद्दिष्ट आणि आरंभ यांतील हे अंतर मोठे आहे. वेगाला मर्यादा आहे, रोजच्या डेटाला मर्यादा आहे. पण पाने निवडलेली नाहीत. देण्याची ही रीत मला अधिक सभ्य वाटते.

वाचकहो, हा प्रश्न कंपन्यांपुरता आणि सरकारपुरता नाही. आपणही देतो. भाच्याच्या शिक्षणाला पैसे देतो आणि त्याने कोणती शाखा घ्यावी हेही त्याच दमात सांगतो. कामवाल्या बाईंच्या मुलीला जुना मोबाईल देतो आणि ती त्यात काय पाहते याची चौकशी करतो. काळजी असते, हे खरे. लहान लेकराच्या बाबतीत ती कर्तव्यही असते. पण घेणारा जाणता असेल, तर आपल्या काळजीत थोडी मालकी मिसळलेली नाही ना, हे तपासायला हवे.

मी स्वतःपुरती एक कसोटी लावून घेतली आहे. मी दिलेल्या वस्तूचा उपयोग त्याने मला न आवडणाऱ्या, पण त्याला योग्य वाटणाऱ्या कामासाठी केला, तर मला राग येईल का? राग येणार असेल, तर ती वस्तू मी अजून दिलेली नाही. केवळ त्याच्या हाती ठेवली आहे.