जुनेर हातात घेऊन

कपाटातलं एक जुनं कापड काढा. आईचं लुगडं, वडिलांचं धोतर, स्वतःचा सुती कुर्ता, काहीही चालेल. आता ते कोणी नेसत-घालत नाही आणि टाकूनही देववत नाही, एवढंच हवं. मांडीवर घ्या. घडी मोडू नका. आज शिवायचं काही नाही, नुसतं बघायचं आहे. श्वास आपला चालतो तसा चालू दे.

आधी हाताला कळू द्या. घडीवरून बोटं सावकाश फिरवा. कापड नवं होतं तेव्हा त्यात खळ होती. ती धुण्याधुण्यात निघून गेली, सूत सैलावलं. बाळाच्या दुपट्याला, कुंचीला आपल्याकडे जुनेर शोधतात ते यासाठीच. कोऱ्या कापडाची खळ कोवळ्या अंगाला बोचते. हा मऊपणा झिजण्यातूनच आला आहे. बोटं तिथेच थोडा वेळ राहू देत.

आता घडी उलगडा आणि कापड खिडकीशी उजेडात धरा. जुनं कापड सगळीकडे सारखं जुनं नसतं. उठण्या-बसण्याने लुगडं मध्येच विरतं, तिथून उजेड आरपार येतो. काठ मात्र अजून घट्ट असतो. सदऱ्याची कॉलर झिजते, पाठ शाबूत राहते. कुठे विरलंय, कुठे टिकलंय, दोन्हीकडे सारखंच बघा. विरलेल्याची कीव नको आणि टिकलेल्याचं कौतुकही नको.

असं बघणं हे घरोघरच्या बायकांचं रोजचं काम होतं. मध्ये विरलेलं लुगडं त्या तिथेच आडवं फाडत, गेलेला भाग काढून टाकत आणि उरलेले दोन तुकडे जोडून दंड घालत. आठेक मीटरचं नऊवारी थोडं आखूड होई, पण पुन्हा अंगाला लागे.

इथे थांबा. जुनं झालं म्हणून आपण जे जे अख्खं बाजूला सारलं, त्यात विरलेलं नेमकं किती होतं? उत्तर लगेच देऊ नका. प्रश्न कापडाबरोबर मांडीवर असू दे.

बौद्ध भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, विनयपिटकात, एक प्रसंग आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी बुद्धाच्या शिष्याला, आनंदाला, पाचशे वस्त्रं दिली. इतक्या वस्त्रांचं करणार काय, असं राजाने विचारलं. ज्यांची चीवरं विरली आहेत त्या भिक्षूंना वाटू, आनंद म्हणाला. मग जुन्या चीवरांचं? त्यांचे पलंगपोस करू. ते जुने झाले की गादीच्या खोळी, मग जमिनीवरची अंथरुणं, मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी. शेवटी फडकी कुटून चिखलात कालवू आणि जमीन लिंपू. राजाने आणखी पाचशे वस्त्रं दिली.

आपल्या घरातही अशीच उतरण होती. एकेका उच्छ्वासाबरोबर एकेक शब्द मनात म्हणा: लुगडं. गोधडी. दुपटं. पायपुसणं. पोतेरं. दर पायरीला कापड लहान होत जातं, आणि उरलेल्या ताकदीला झेपेल असं काम त्याला मिळतं.

आता मनातच गोधडी अंथरा. कोल्हापूरकडे तिलाच वाकळ म्हणतात. धड कापड वर आणि खाली, विरलेलं आत. आतले तेच थर हवा कोंडून ठेवतात, म्हणून ऊब येते. वरून घातलेल्या टाक्यांमुळे ते सरकत नाहीत. कडेपासून धावदोरा घालायला लागा. सुई खाली, सुई वर. एक फेरी पुरी झाली की बोटभर आत सरकून दुसरी, मधोमध पोचेपर्यंत. ओळ वाकडी गेली तर जाऊ दे. टाका थरांना धरून आहे ना, तेवढं पाहा.

मन म्हणेल, आठवण आहे, कात्री कशाला लावायची? ठीक आहे. पण जपून ठेवलेली रेशमी साडीही घडीवर चिरते. वर्षानुवर्षं एकाच जागी मोडून राहिलेला धागा तिथेच तुटतो. कपाटात ठेवलं म्हणून कापड झिजायचं थांबत नाही.

शेवटी एवढंच ठरवा: यातलं धड किती, आणि ते कोणाच्या अंगावर जाणार? माणूस ठरला की मापही ठरतं. तान्ह्याला एका लुगड्यातून दुपटं निघेल. मोठ्या माणसाच्या गोधडीला आणखी जुनेरं गोळा करावी लागतील. आज कोणीच सुचलं नाही, तर कापड परत ठेवा. फक्त या वेळी घडी दुसऱ्या जागी घाला.