नामावळी आणि अपरिग्रह

त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या ही यजमानांची जुनी नोंदपुस्तकेच. त्यांत नाव, गाव, नातलग उतरतात. पुढची पिढी आली की तेच पान उघडते. छोट्या व्यावसायिकाने ग्राहकनोंदींचे सॉफ्टवेअर निवडताना किंमत आणि सोय पाहावीच, पण त्याआधीचा प्रश्न या चोपड्यांतलाच आहे: नोंद कोणाची, देणाऱ्याची की सांभाळणाऱ्याची?

नोंद देणाऱ्याची मानली, तर सांभाळणाऱ्याने किती ठेवावे, याचे उत्तर अपरिग्रहात आहे. योगसूत्रांतल्या पाच यमांत तो शेवटचा. जैनांच्या पाच महाव्रतांतही तो आहे. गरजेपलीकडे साठवू नये, एवढा त्याचा साधा अर्थ. शिंप्याला मापे हवीत, लग्नाचा वाढदिवस कशाला? रिकामा रकाना दिसला की भरावासा वाटतो; हा मोह यंत्राचा नव्हे, मालकाचा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही असाच: संमतीने घेतलेली माहिती सांगितलेल्या हेतूपुरतीच वापरावी, हेतू संपला की पुसावी.

त्यामुळे ज्यात अनावश्यक रकाने बंद करता येतात, नोंद खरोखर पुसता येते आणि सगळी माहिती बाहेर काढून दुसरीकडे नेता येते, ते सॉफ्टवेअर बरे. नामावळीत खोडाखोड नसते. तिथे यजमान आठवण ठेवायलाच येतो. शिंप्याच्या गिऱ्हाइकाला मात्र विसरले जाणेही हवे असू शकते.